रात्रीची घाटाची गाडी : चाळीसगाव ते संभाजीनगर भाड्याच्या मोटारीचा अनुभव

गेल्या सात महिन्यांत मी चाळीसगाव ते छत्रपती संभाजीनगर आणि परत अशी भाड्याची मोटार अकरा वेळा घेतली. माझी आई तिकडे भावाच्या घरी आजारी असते. कनिष्ठ महाविद्यालयातले माझे तास संपवून दुपारी निघायचे, संध्याकाळ आईजवळ काढायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला पुन्हा वर्गात उभे राहायचे, असा हा क्रम आहे. त्यामुळे परतीचा प्रवास नेहमी रात्रीचा होतो आणि कन्नड घाट बहुधा साडेदहा ते बारा या वेळेत उतरावा लागतो. रात्री एकट्या बाईने कोणाच्या गाडीत बसावे हा प्रश्न आमच्याकडच्या पुष्कळ जणींना पडतो, म्हणून या सेवेविषयी जरा सविस्तर लिहिते. सेवेचे नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती मी मालकांशी समोरासमोर बोलले आहे. चाळीसगाव स्थानकाबाहेर कोणालाही 'घाटाची गाडी' विचारल्यास जी तीन-चार ठिकाणे सांगितली जातात, त्यांतलेच हे एक आहे.

आधी व्यवहाराचे. जाऊन-येऊन २,८०० रुपये, त्यात तिकडे चार तास थांबणे धरलेले; त्यापुढे थांबण्याचे तासाला १५० रुपये. पथकर वेगळा. गाडी पांढरी, जुनी, पण निगा राखलेली आहे. टायरांची नक्षी मी स्वतः बोट घालून पाहिली, ती चांगली खोल होती. मागच्या आसनाचे पट्टे चालू स्थितीत आहेत, जी गोष्ट भाड्याच्या गाडीत क्वचित आढळते. बहुतेक ठिकाणी ते आसनाच्या आवरणाखाली गाडलेले असतात. गाडीत कापराचा वास असतो. पुढच्या बंपरला दर शनिवारी नवे लिंबू-मिरची बांधले जाते, आणि त्याचे पाच रुपये भाड्यात धरलेले नसावेत अशी माझी समजूत आहे.

चालक पंचावन्नच्या घरातले आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. गाडी चालवण्याच्या बाबतीत त्यांच्याविषयी वावगे बोलायला जागा नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा हा जुना नियम ते काटेकोरपणे पाळतात, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून गाडी कधीच सोडत नाहीत, वर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देतात आणि प्रत्येक आंधळ्या वळणाआधी दिवा वर-खाली करून मगच वळतात. फोनवर बोलत नाहीत. तंबाखू खातात, पण थुंकण्यासाठी दार उघडत नाहीत. त्यासाठी दाराच्या खणात एक रिकामी बाटली ठेवलेली असते, जिच्याकडे पाहू नये. पहिल्याच खेपेला भावाने त्यांच्या परवान्याचे छायाचित्र मागितले तेव्हा त्यांनी ते राग न मानता दिले आणि वर म्हणाले, "बराबर शे, इचारालेच पाहिजे."

सेवेचा जो भाग दरपत्रकात नाही, पण रात्रीच्या प्रत्येक खेपेला न मागता मिळतो, तो म्हणजे घाटातल्या बाईची गोष्ट. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

कन्नड सोडले की नाना चहाला एकदा थांबतात. चहा झाल्यावर ते चारही दारे आतून बंद करतात, काचा पूर्ण वर घेतात, गाणी बंद करतात आणि पहिल्या उताराच्या तोंडाशी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावतात. पहिल्या खेपेला मी याचे कारण विचारले. मराठीतून सुरू झालेले उत्तर दोन वाक्यांत अहिराणीत गेले. "घाटमा कोनी हात दाखाडा तरी गाडी थांबाडानी नही. मना बापनी सांगेल शे."

गोष्ट अशी. एक गाडीवाला, नानांच्या नात्यातला, पावसाळ्याच्या रात्री दुधाची गाडी घेऊन खाली येत होता. कठडा तुटलेल्या वळणावर हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. काखेत बोचके. तिने हात दाखवला, त्याने थांबवली. "पाटणादेवीच्या फाट्याला उतरीन," एवढेच ती बोलली आणि मागे बसली. त्याने गावाचे नाव विचारले, उत्तर नाही. दोनदा आरशात पाहिले तर ती खाली मान घालून बसलेली. फाटा आल्यावर गाडी थांबवून मागे वळला तो आसन रिकामे. आसन ओले होते आणि त्यावर काकणांचे दोन तुकडे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्याने जवळच्या वस्तीत चौकशी केली तेव्हा एका म्हातारीने सांगितले की पुष्कळ वर्षांपूर्वी त्या वळणावर एक सून बाळंतपणासाठी माहेरी जाताना अडकली होती, बैलगाडीचे चाक निखळले होते, ती रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत होती आणि कोणीही थांबले नाही.

सांगण्याच्या कलेपुरते बोलायचे तर नानांना पूर्ण गुण द्यावे लागतील. ते वळणाच्या आधी थांबतात, म्हणजे बोलायचे थांबतात, गाडी नव्हे. 'आसन ओले होते' हे वाक्य ते अशा बेताने उच्चारतात की त्याच वेळी दिव्याचा झोत सागाच्या उघड्या बुंध्यांवरून सरकतो. इतका नेम साधायला किती खेपा कराव्या लागल्या असतील याचा मी हिशेब केला आहे. मात्र सातत्याच्या बाबतीत गुण कापावे लागतात. दुसऱ्या खेपेला लुगडे पांढरे झाले. तिसऱ्या खेपेला बोचक्यात तान्हे मूल आले. चौथ्या खेपेला तो नात्यातला गाडीवाला गळाला आणि गाडी स्वतः नानाच चालवत होते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. "ताई, मोठी गोष्ट शे, एक खेपमा कशी बसी?" असे म्हणाले, आणि या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ही गोष्ट आमच्या घाटाची खासगी मालमत्ता नाही, हे मला ठाऊक होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घाटाखालच्या चहाच्या टपरीवर तिची एक तरी आवृत्ती मिळते. पण तिचे घराणे फार लांबवर पसरलेले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन अभ्यासकांनी १९४२ च्या सुमारास अशा ७९ कथा गोळा करून त्यांचे चार प्रकार पाडले होते. एकात प्रवासी पत्ता देऊन नाहीसा होतो आणि त्या पत्त्यावर गेल्यावर तो मेल्याचे कळते. दुसऱ्यात गाडीत बसलेली म्हातारी भविष्य सांगून अदृश्य होते. तिसऱ्यात नाचाच्या जागी भेटलेली मुलगी असते, जिला दिलेला कोट नंतर थडग्यावर सापडतो. शिकागोच्या आर्चर रस्त्यावरची, १९३० च्या दशकापासून सांगितली जाणारी मेरी याच गोत्रातली. चौथ्या प्रकारात मात्र ती बाई भूत नसतेच, ती तिथली देवता असते, आणि हवाई बेटांवर ज्वालामुखीची देवी पेले अशीच वाटेत गाडी थांबवते असे लोक सांगतात. नानांना मी हे वर्गीकरण थोडक्यात सांगितले. पहिले तीन प्रकार त्यांनी ऐकून सोडून दिले. चौथ्याला मात्र गाडीचा वेग कमी केला. पाटणादेवी म्हणजे चंडिका, तिचे ठाणे घाटाच्या पायथ्याशी, आणि बाई उतरते ती देवीच्याच फाट्यावर. पाचव्या खेपेपासून नाना तिला 'ती बाई' म्हणायचे सोडून 'ती माय' म्हणू लागले. या बदलाला मी जबाबदार आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आपल्याकडे मोटार येण्याआधी वाटेवरचे भूत म्हणजे चकवा. तो माणसाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो आणि उजाडल्यावर सोडतो. चकव्याला पायी चालणारा माणूस लागतो, वाट चुकण्यासाठी वाट धूसर असावी लागते. डांबरी रस्ता आला, मैलाचे दगड आले, आणि चकव्याचा धंदा बसला. मोटारीच्या भुताला वाट चुकवता येत नाही, म्हणून ते आत येऊन बसते. मागचे आसन, ज्याच्याकडे चालकाची पाठ असते आणि जे त्याला केवळ वीतभर आरशातून दिसते, ही त्याची जागा. डोळ्यांवर अर्धी झोप, पुढे दिव्यात उजळलेला थोडासा रस्ता आणि बाकी सगळा काळोख असताना त्या आरशात काय काय दिसू शकते, हे रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

आता या घाटाचे थोडे. कागदावर तो औट्रम घाट आहे. जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारली होती, तिचे ठाणे धरणगावला होते; त्याचे नाव घाटाला आणि पुढे १९८६ मध्ये झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याला चिकटले. बोलताना मात्र सगळे कन्नड घाटच म्हणतात. याच पायथ्याला पाटण इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, म्हणजे ज्या फाट्यावर ती बाई उतरते त्याच वाटेने कधी काळी लोक गणित शिकायला जात होते. मी गणित शिकवते, त्यामुळे हा उल्लेख टाळणे मला शक्य झाले नाही.

सोलापूर–धुळे या राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे आताच्या ५२ क्रमांकाचा, हा घाट कित्येक वर्षे मालमोटारींनी इतका तुंबलेला असे की एखादी मोटार बंद पडली की रात्ररात्र रांग लागायची. त्या काळात मी लग्नाकार्याला जाता-येता घाटात तीन-तीन तास बसले आहे. पुढे मालमोटार, मागे मालमोटार, खिडकीशी शेंगा विकणारी पोरे. तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही, कारण भुताला उभे राहायला जागाच नव्हती. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांनी चाळीसगावात पाणी आणले, त्याच पावसात घाटात जागोजागी दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड मालवाहतूक घाटातून काढून नांदगावमार्गे वळवण्यात आली. घाट मोकळा झाला, रात्री तर ओसाड झाला, आणि माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला स्टाफरूममध्ये, किराणा दुकानात आणि शेवटी या गाडीत घाटातली बाई भेटू लागली. नाना म्हणतात ती कायमचीच होती. असेल; रांगेत उभी असेल.

या गावाला तशीही न आलेल्या प्रवाशाची सवय आहे. स्थानकाजवळ राहणारे छायाचित्रकार केकी मूस यांच्याविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत की मुंबईहून येणाऱ्या पंजाब मेलने आपली प्रेयसी येईल म्हणून ते रोज त्या वेळेला दार उघडून, दोघांचे ताट मांडून बसत, आणि १९८९ च्या अखेरीस ते गेले तोवर हा नेम चुकला नाही. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. चाळीसगावला उतरणाऱ्याने भुताच्या गोष्टींआधी ते पाहावे.

आता तक्रारीकडे येते.

मार्गशीर्षातली रात्र होती, थंडी चांगलीच पडली होती. पावणेअकराच्या सुमारास आम्ही घाट उतरत होतो. वळणावर दिवा फिरला आणि कठड्याला लागून एक बाई उभी दिसली. फिकट रंगाची साडी, डोक्यावर पुरुषी माकडटोपी, उजवा हात वर. तिचे तोंड उघडलेले मला स्पष्ट दिसले, म्हणजे ती काहीतरी ओरडत होती, पण काचा बंद असल्याने आवाज आला नाही. नानांनी एक गिअर वर टाकला. इतक्या खेपांत त्यांना उतारावर वेग वाढवताना मी तेव्हाच प्रथम पाहिले.

"नाना, थांबवा," मी म्हणाले.

"तुमले काय दिसनं?"

"बाई दिसली. हाडामासाची बाई होती. माकडटोपी घातली होती तिने."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या वळणावर मी पुन्हा म्हणाले, त्याच्या पुढच्यावर पुन्हा. शेवटी ते म्हणाले की वळणावर गाडी उभी करणे म्हणजे मागून येणाऱ्याला अंगावर घेणे आहे, आणि हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले, आताही पटते. अंधारात, उतारावर, आंधळ्या वळणाच्या पोटात गाडी थांबवू नये. पण खाली जाऊन फोन करता येतो. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे, पोलिसांसाठी ११२ आहे, आणि दोन्ही क्रमांक नानांना तोंडपाठ होते. फक्त ते भुतासाठी लावायचे असतात असे त्यांना कधी वाटले नव्हते.

पायथ्याच्या टपरीशी फोनला रेंज आली. मी ११२ लावला, नानांनी त्यांच्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीला लावला, जी तेवढ्यात चाळीसगावहून वर निघाली होती. आम्ही टपरीवर थांबलो. टपरीवाला शेवभाजीचा तवंग पळीने बाजूला सारत उभा होता, त्याला हकिगत सांगितली तेव्हा त्याने पळी तशीच धरून विचारले, "लुगडं कोणतं होतं?" इथे लोकांना तपशिलाची किती ओढ आहे ते पाहावे.

चाळीसेक मिनिटांनी दुधाची एक छोटी गाडी येऊन थांबली. पुढच्या बाजूने तीच बाई उतरली, मागून दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तिचा नवरा उतरला. त्यांची मोटारसायकल दरडीच्या खडीवर घसरली होती, दिवा फुटला होता, त्याचा घोटा सुजून मडक्याएवढा झाला होता. तो कठड्याच्या सावलीत बसून होता, म्हणून कोणाला दिसला नाही. दोघांच्याही फोनला रेंज नव्हती. नानांनी कळवलेल्या गाडीने वळणापुढे थांबून दिवे लुकलुकते ठेवले, तिच्या चालकाने वरून खाली येणारी दुधाची गाडी थांबवली आणि दोघांना तीत बसवून तो वर गेला.

बाई बाकावर बसली. रडली वगैरे नाही, संतापलेली होती. तिच्या समोरून पाच गाड्या गेल्या होत्या, आमची धरून. दोघांनी वेग वाढवला. एकाने दिवेच बंद केले, जणू त्याला ती दिसली नाही तर तिलाही तो दिसणार नव्हता. चौथ्याने काच खाली केली. "माले वाटनं हाऊ थांबी," ती म्हणाली. त्याने तिच्या पायाशी दहा रुपयांचे नाणे टाकले, हात जोडले आणि निघून गेला. एवढे सांगून तिने कनवटीची गाठ सोडली आणि ते नाणे टेबलावर ठेवले. मग आम्हा सगळ्यांकडे, पण विशेषतः नानांकडे पाहून विचारले, "मी काय भूत शे का?"

नाना उठले, आपल्या अंगावरची शाल काढून त्यांनी तिच्या नवऱ्याच्या पायाखाली घडी करून ठेवली आणि दोन चहा सांगितले. तिने त्याच नाण्याने चहाचे पैसे देऊ केले. टपरीवाल्याने नाणे घेतले नाही. चहा फुकट दिला, पण ते नाणे काही गल्ल्यात जाऊ दिले नाही. देवीला टाका म्हणाला.

नानांच्या गोष्टीतली सून कशाने मेली, हे त्या रात्री गाडीत बसल्यावर मला पुन्हा आठवले. ती मेली ती कोणी थांबले नाही म्हणून. तिच्या मरणाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगून सगळ्या गाडीवाल्यांनी त्यातून जो नियम काढला तो कोणासाठीही न थांबण्याचा. हे मी नानांना बोलून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की त्यांच्या वडिलांना घाटात एकदा लुटले होते. असेच एका बाईला पुढे उभे केले होते, मागे झाडीत तिघे होते. भीती अशी दुहेरी आहे, आणि तिला नुसते हसून चालत नाही. पण वडिलांना लुटणारे तिघे या गोष्टीत कधीच आले नाहीत. आली ती बाईच. रात्री रस्त्यावर एकटा पुरुष उभा असेल तर तो अडलेला असतो किंवा पिलेला असतो. बाई असेल तर ती हडळ असते. नंदुरबारकडच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याविरुद्ध २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. घाटात टाकलेले दहाचे नाणे त्या मारहाणीइतके क्रूर नाही, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. आणि रस्त्यावर मदत न मिळणे म्हणजे काय, हे खानदेशाला सांगायला नको. सप्टेंबर २०२१ मध्ये सातपुड्यात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका आदिवासी माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली होती, आणि ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी बिल आले. त्यात 'घाटाखाली थांबणे, ग्राहकाच्या सांगण्यावरून' असा १५० रुपयांचा आकार होता. माझी तक्रार ती ही. रक्कम मोठी नाही आणि मी ती भरली. पण अपघातातल्या माणसांसाठी थांबलेल्या वेळेचे पैसे प्रवाशाकडून घेणे मला योग्य वाटत नाही, आणि मालकांना मी तसे सांगितले. ते म्हणाले की गाडी थांबली की मीटर चालते, मग कारण काहीही असो. यावर मी त्यांना जपानची हकिगत सांगितली. २०११ च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी शहरात एका विद्यार्थिनीने शंभराहून अधिक टॅक्सीचालकांना विचारले, आणि त्यांतल्या सात जणांनी नाहीशा झालेल्या प्रवाशांच्या आठवणी सांगितल्या. एकाच्या गाडीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाड कोट घातलेली बाई बसली, वाहून गेलेल्या वस्तीचा पत्ता तिने दिला, आणि तिथे आता काही उरले नाही असे चालकाने म्हटल्यावर तिने विचारले, "मी मेले आहे का?" मीटर चालू केलेले असल्यामुळे प्रवासी नाहीसा झाला तरी भाडे भरावेच लागले, आणि ते त्या चालकांनी स्वतःच्या खिशातून भरले. तिथल्या चालकांनी भुताचे भाडे भरले, आणि इथे जिवंत बाईसाठी थांबल्याचे १५० रुपये माझ्या नावावर. मालकांनी शांतपणे ऐकले. "ते जपान शे, मॅडम," एवढेच म्हणाले. पैसे परत मिळाले नाहीत.

गुण द्यायचे तर चालकाला पाचपैकी साडेचार, गाडीला चार, मालकांना दोन. एकट्या बाईने रात्री या गाडीतून जायला हरकत नाही, मी जाते आणि जाणार आहे. गाडी दुपारी एकच्या आत फोन करून ठरवावी, त्यानंतर मालक फोन उचलत नाहीत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. घाटात चालकाला कशासाठी थांबावे लागल्यास त्याचा आकार कोणाकडे, हे आधीच विचारून घ्यावे. नानांच्या वागण्यात त्या रात्रीनंतर एक फरक पडला आहे : वळणे आली की ते उजव्या बाजूची काच चार बोटे खाली करतात, थंडी असली तरी. कारण विचारले नाही.

मागच्या आठवड्यात नाना पुतणीच्या लग्नाला गेले होते, म्हणून मालकांनी एक तरुण चालक पाठवला. मुलगा नम्र होता, गाडी बरी चालवत होता, गिअर मात्र उशिरा बदलत होता. कन्नडच्या पुढे त्याने काचा वर घेतल्या आणि न विचारता सुरुवात केली. मागच्या थंडीत म्हणे एका गाडीवाल्याला वळणावर बाई दिसली, डोक्याला टोपी बांधलेली. त्याने घाबरून नाणे फेकले आणि पळ काढला, आणि खाली टपरीवर पोचला तर तेच दहाचे नाणे त्याच्या आधी टेबलावर येऊन पडलेले. टपरीवाला अजून त्या टेबलावर कोणाला बसू देत नाही.

मी त्याला सांगितले की त्या रात्री त्या टेबलाशी मीच बसले होते.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा एकदा पाहिले, आणि चाळीसगाव येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.